वाटसरूचे पाणी

परमुलखातून येणाऱ्या प्रवाशाला आपल्याकडच्या चालीरीती समजावून देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पादत्राणे दाराबाहेर काढावी, उजव्या हाताने जेवावे, येथवर बहुतेकांची मजल जाते. पण घरात पाऊल टाकताच आपण पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या का देतो, हे त्यांत सापडत नाही. त्याचा इतिहास तर आपल्याच शहापूर-मुरबाडच्या मुलखात पडलेला आहे.

मुरबाडहून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढला की माथ्यावर जुन्नरची वाट लागते. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याण या बंदरांचा माल याच वाटेने देशावर जाई. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे वाटाडे सांगतात. असेलही, परंतु तेथल्या लेण्यातील नागनिका राणीच्या थोरल्या लेखाचा जो भाग वाचता येतो, त्यात यज्ञ आणि दक्षिणेला दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचाच हिशेब आहे. मला राणीच्या लेखाहून तिथलाच एक लहानसा लेख अधिक मोलाचा वाटतो. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली ‘पोढी’, एवढीच त्यातली हकीकत. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. घाट चढून घसा कोरडा पडलेल्या अनोळखी माणसासाठी कोणीतरी कातळ खोदविला, आणि त्याचे नाव राहिले.

नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात हेच विस्ताराने सांगतो. दमण, तापी, डाहानुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर ‘सभा’ व ‘प्रपा’, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, उभारल्या.

हे पाणी पुढे सर्वांना सारखे मिळाले, असे मात्र समजू नये. एकाला ओटीवर गूळपाणी आणि दुसऱ्याला अंगणाबाहेर उभे करून वरून ओतलेली धार, हाही आपल्याच आतिथ्याचा इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला. तरीही 1927 साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागलाच.

1865 साली आगगाडी थळघाट चढून इगतपुरीला पोचली आणि नाणेघाटाची वर्दळ ओसरली. रीत तेवढी उरली. आजही आपल्या पाड्यांवर कोण, कुठले, कुणाकडे निघालात, हे सरळ विचारतात. शहरी पाहुण्याला ती चौकशी वाटते, वास्तविक ती ओळख असते. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे.

आणि पाण्याचे काय? तानसेचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, भातसेचेही जाते. शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील बाई हंडा डोक्यावर घेऊन दोन-दोन खेपा करते आणि त्यातलाच तांब्या पाहुण्यापुढे ठेवते. तो नाकारला तर तिला वाईट वाटते. म्हणून घ्यावा, पण अर्धा पिऊन उरलेले अंगणात फेकू नये. पुरेल इतकेच मागून घ्यावे आणि उरलेला तांब्या तिच्या हाती परत द्यावा.