एक आज्ञा, दोन बोली

गोंदियातील एखाद्या कार्यालयात लिनक्स सर्व्हर मंदावला, की तो सांभाळणारा ‘पीएस’ ही आज्ञा टंकतो. चालू प्रक्रियांची क्रमांकांसह यादी येते. थांबवताना क्रमांक चुकला, तर चालता डेटाबेस बंद पडावा!

ही आज्ञा १९७३ची, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्समधली. पुढे युनिक्सचे दोन प्रवाह झाले: एटी अँड टीचा ‘सिस्टिम फाइव्ह’ आणि बर्कले विद्यापीठाचा ‘बीएसडी’. सर्व प्रक्रिया पाहण्यासाठी पहिल्यात ‘पीएस -ईएफ’, तर दुसऱ्यात आडव्या रेघेविना ‘पीएस एयूएक्स’. लिनक्सने दोन्ही बोली स्वीकारल्या. तडजोड सोयीची, निर्मळ मात्र नव्हे. ‘एयूएक्स’आधी रेघ दिल्यास नियमाने त्यात ‘एक्स’ नावाच्या वापरकर्त्याचा शोध येतो. असा वापरकर्ता नसेल, तर लिनक्स समजूतदारपणे बर्कलेचाच अर्थ घेतो.