स्वीटी कुमारी : धावपट्टीवरून रग्बीच्या मैदानात

भारतीय महिला रग्बी संघाने १५ खेळाडूंच्या प्रकारातील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय २२ जून २०१९ रोजी मिळवला. फिलिपिन्समध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने सिंगापूरला २१-१९ असे नमवले. एक वर्षापूर्वी, २०१८ मध्ये, याच सिंगापूरविरुद्ध भारतीय महिला या प्रकारात प्रथमच खेळल्या होत्या आणि पराभूत झाल्या होत्या. विजयी संघात बिहारची स्वीटी कुमारी होती. त्याच वर्षासाठी महिला रग्बीला वाहिलेल्या ‘स्क्रमक्वीन्स’ या संकेतस्थळाने तिची वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय युवा खेळाडू म्हणून निवड केली. हा सन्मान मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. रग्बीशी तिची ओळख होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.

पाच वर्षांत खेळाडू इथवर कसा पोहोचतो, हे स्वीटीच्या सुरुवातीच्या वाटचालीतून दिसते. भारतात रग्बीपटू कसे घडतात आणि त्यांची वाट कोठे अडते, हेही त्यातून समजते.

दुसऱ्या खेळातून आलेली खेळाडू

स्वीटी पाटणा जिल्ह्यातील बाढ परिसरातली. सात भावंडांचे कुटुंब, आई अंगणवाडी सेविका. भावाला धावताना पाहून तीही धावू लागली. बिहार रग्बी संघटनेचे सचिव पंकजकुमार ज्योती यांनी २०१४ मध्ये तिचा वेग हेरला आणि तिला रग्बी खेळण्याचा सल्ला दिला. तेव्हा ती १४ वर्षांची होती. काही वर्षांतच ती वयोगटाच्या भारतीय संघातून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळू लागली. पुढे आशिया रग्बी या खंडीय संघटनेनेही तिच्या वेगाची आणि गुण मिळवण्याच्या क्षमतेची दखल घेतली.

वेगवान धावपटूला रग्बीत थेट प्रवेश मिळतो, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा बाजूच्या सहकाऱ्याकडेच द्यावा लागतो. त्यामुळे पुढे सरकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे चेंडू घेऊन धावणे. प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतरची किक यशस्वी झाल्यास आणखी दोन, तर पेनल्टी किकचे तीन गुण असतात. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरचे काम मोकळी जागा दिसताच कोणाच्या हाती न लागता रेषा गाठण्याचे असते. शंभर मीटरच्या शर्यतीत कमावलेले येथे तसेच्या तसे उपयोगी पडते.

उरलेला अर्धा खेळ मात्र नव्याने शिकावा लागतो. समोरून धावत येणाऱ्याला कमरेखाली मिठी मारून पाडणे, स्वतः पडताना मान आणि खांदा सांभाळणे, पडल्यावर चेंडू सहकाऱ्यासाठी सोडणे, हे सारे तंत्र सरावानेच अंगवळणी पडते. कबड्डीतील पकडीशी त्याचे काहीसे साम्य आहे; फरक एवढाच की, येथे पकड धावत्या वेगात करावी लागते. अंगात वेग असूनही हे तंत्र शिकवणारा प्रशिक्षक आणि गवताचे मैदान मिळाले नाही, तर कारकीर्द दुखापतीत संपू शकते.

एका विजयामागील तीन वाटा

सिंगापूरला हरवणाऱ्या संघाकडे पाहिले तर भारतीय रग्बीचा नकाशाच समोर येतो. संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. पुणे आणि मुंबई ही या खेळाची महाराष्ट्रातील जुनी केंद्रे. पुण्याच्याच नेहा परदेशीनेही भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. वाहबिझ व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. देशाचे कर्णधारपद भूषवणाऱ्या खेळाडूलाही चरितार्थासाठी स्वतंत्र व्यवसाय असावा लागतो, ही या खेळाची वस्तुस्थिती आहे.

सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी किक मारली ती ओडिशातील जाजपूर जिल्ह्याच्या सुमित्रा नायकने. तिचे शिक्षण भुवनेश्वर येथील कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत झाले. याच संस्थेच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनमधील १४ वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली होती. निवासी शाळेमुळे आहार, मैदान आणि नियमित सराव एकाच ठिकाणी मिळतो. म्हणूनच ओडिशातून सातत्याने खेळाडू घडत आले.

महानगरातील क्लब, निवासी शाळा आणि जिल्ह्यातील धावपट्टी अशा तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या मुली त्या दिवशी एका संघात होत्या. पश्चिम बंगालमधील सरस्वतीपूर चहामळ्यातील संध्या राय हिच्यासारख्या खेळाडूंनी त्यात चौथ्या वाटेची भर घातली आहे.

जुना खेळ, उशिरा उघडलेले दार

रग्बी भारताला नवा नाही. कलकत्त्यात १८७३ मध्ये रग्बीचा क्लब स्थापन झाला होता. तो बंद करताना सभासदांनी खात्यातील चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. ‘कलकत्ता चषक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. मात्र भारतात हा खेळ दीर्घकाळ जिमखाने आणि लष्करापुरता राहिला. भारतीय पुरुष संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये झाला. सध्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषवणारे अभिनेते राहुल बोस त्या संघात होते. महिला संघ त्यानंतर ११ वर्षांनी, २००९ मध्ये, सात खेळाडूंच्या ‘सेव्हन्स’ प्रकारातून आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला.

सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांत संपतो, तर १५ खेळाडूंचा सामना ८० मिनिटे चालतो. कमी खेळाडू आणि कमी खर्च यांमुळे छोट्या राज्य संघटनांना सेव्हन्स परवडते. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१० पासून आणि ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून महिलांच्या सेव्हन्सचा समावेश आहे. त्यामुळे भारतातील तरुण खेळाडूची कारकीर्द बहुतांशी सेव्हन्समध्येच घडते आणि १५ खेळाडूंच्या प्रकाराचा अनुभव विरळाच मिळतो. या पार्श्वभूमीवर २०१९ चा विजय अधिक मोलाचा ठरतो.

सन्मानानंतरचा प्रश्न

स्वीटीला सन्मान मिळाला आणि लगेचच, २०२० मध्ये, कोविडच्या साथीमुळे आशियातील स्पर्धा रद्द झाल्या. ऐन विशीतील खेळाडूसाठी हा काळ सर्वात मौल्यवान असतो. त्यातच या खेळात महिलांना वेतन देणारी लीग भारतात नव्हती. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघांच्या या स्पर्धेचे विजेतेपद चेन्नई बुल्सने पटकावले. हा हंगाम पुरुषांचा होता.

अशा स्थितीत खेळाडू मुलीला मैदानावर टिकवून धरणारी गोष्ट म्हणजे सरकारी नोकरी. बिहार सरकारच्या ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ धोरणाचे महत्त्व येथे कळते. नालंदा जिल्ह्यातील रग्बीपटू श्वेता शाही बिहार पोलिसांत उपनिरीक्षक झाली. आपल्या गावातील मुलीला खेळामुळे नोकरी लागली, हे दिसले की पुढच्या मुलीला मैदानावर पाठवताना पालक कमी बिचकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राजगीर येथे २० वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली आणि बिहारमधील मुलींना आंतरराष्ट्रीय सामने आपल्याच राज्यात पाहता आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही यातून घेण्यासारखे काही आहे. राज्यात मैदानी खेळ आणि कबड्डी यांची तालुका पातळीपर्यंत पोहोचलेली परंपरा आहे. वेगवान धावणाऱ्या आणि पकडीची भीती नसलेल्या मुली तेथे दरवर्षी दिसतात. बाढच्या धावपट्टीवर १४ वर्षांच्या मुलीला जाणकाराने वेळीच पाहिले, म्हणून देशाला विंगर मिळाली. जिल्हा क्रीडा स्पर्धांच्या कडेला रग्बीचा प्रशिक्षक उभा राहू लागला, तर ही निवड योगायोगावर अवलंबून राहणार नाही.