छावणी, पेठ आणि ख्रिस्तमंदिर

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला आणि त्याच्या पश्चिमेस लष्कराची छावणी वसली. आज ज्याला कॅम्प म्हणतात तो हा भाग. मोठी झाडे, रुंद रस्ते आणि दगडी चर्चे हे त्याचे रूप अजून पुष्कळसे टिकून आहे. १८६९ साली उभे राहिलेले सेंट मेरीज हे त्यांपैकी एक होय. परंतु छावणीतली उपासनामंदिरे प्रथमतः छावणीसाठीच होती. गोरा शिपाई, त्याचा अधिकारी आणि त्यांची कुटुंबे एवढीच तेथली मंडळी. पेठेतल्या विणकराला किंवा व्यापाऱ्याला त्या घंटेशी काही कर्तव्य नव्हते. छावणी व पेठ यांमधले अंतर पावलांनी मोजले तर थोडे होते. मनांनी मोजले तर फार मोठे होते.

हे अंतर ओलांडण्याचा पहिला प्रयत्न लंडन मिशनरी सोसायटीने केला. तिचे धर्मोपदेशक जोसेफ टेलर हे १८२० साली बल्लारीहून बेळगावास आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. या गावात एका भाषेवर भागत नाही, हे त्यांना लवकरच कळले असले पाहिजे. मिशनचे काम कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांत चालले. धर्मांतर करणारांची संख्या मात्र लहानच राहिली. उपदेश ऐकायला माणसे जमत, प्रश्न विचारीत, आणि आपापल्या घरी जात.

पेठेने मिशनकडून घेतले ते निराळेच. १८३२ साली मिशनने इंग्रजी शाळा काढली. बेनन आणि त्यांच्यानंतर आलेले जेम्स स्मिथ या दोघांची नावे पुढे तिला मिळाली. आपला मुलगा बाटेल की काय ही धास्ती बापाच्या मनात होती, आणि कचेरीतली नोकरी इंग्रजीवाचून मिळणार नाही हेही त्याला दिसत होते. धास्तीवर गरजेने मात केली. वेळापत्रकात बायबलचा तास असे. मुलगा तो ऐके आणि संध्याकाळी घरी येऊन शुभंकरोती म्हणे. मिशनऱ्याच्या दृष्टीने हे अपयश होते काय? त्याने धाडलेल्या अहवालात कदाचित असेल. गावाच्या दृष्टीने नव्हते. १९०४ मध्ये सोसायटीने बेळगावचे काम मेथडिस्ट मिशनकडे सोपविले. चालक बदलले, शाळा टिकली. कॅथलिकांकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. येशूसंघीयांची सेंट पॉल्स शाळा १८५६ पासूनची. तिच्या बाकांवर बसलेल्या मुलांत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ होती.

शाळेत भाषेचा प्रश्न नोकरीने सोडविला. उपासनेत तो इतका सोपा नव्हता. बेळगावचे बरेचसे कॅथलिक मुळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलणारे. त्यांच्याबरोबर मराठी व कानडी बोलणारे होते, आणि छावणीमुळे इंग्रजी बोलणारेही. १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व मायकेल रॉड्रिग्ज पहिले बिशप झाले. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, राज्यपुनर्रचनेने बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि सीमावाद पेटला. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. लॅटिन कोणाचीच नव्हती, म्हणून तिच्यावरून भांडणही नव्हते. आता लोकभाषा आली. पण कोणत्या लोकांची? ज्या शहरात दुकानावरच्या पाटीची लिपी हा रस्त्यावरचा प्रश्न होता, तेथे वेदीवरची भाषा ठरविणे ही केवळ धर्मविधीची बाब राहिली नाही. एकाच धर्मप्रांतात निरनिराळ्या भाषांत मिस्सा होणे, हा त्यातून निघालेला व्यवहारी मार्ग. तो सर्वांना सारखाच रुचला असेल असे नाही. तरी एका भाषेने दुसरीला दाराबाहेर काढले नाही, ही गोष्ट सीमाभागात लहान म्हणता येणार नाही.

शाळा काय किंवा मिरजेला वॉन्लेस यांनी १८९४ साली उघडलेले रुग्णालय काय, तेथे गरजू माणसाने चालत यावे लागते. माणसाच्या वस्तीत जाऊन बसणे हे निराळे काम. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली नागपाड्यात नेबरहूड हाउस काढले ते याच हेतूने. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे तेथे विचारले जात नव्हते. त्याच घरात १९३६ साली समाजकार्य शिकविणारी सर दोराबजी टाटांच्या नावाची शाळा सुरू झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच.

नागपाड्याचे उदाहरण मनात ठेवून निपाणीकडे पाहावे. बेळगावहून पुणे रस्त्याने उत्तरेकडे गेले की हे तंबाखूचे गाव लागते. तेथल्या वखारींत बायका तंबाखू कुटीत, चाळीत. धुळीने श्वास कोंडे, मजुरी तुटपुंजी मिळे. शाळा-दवाखान्यापर्यंत चालत जायला ज्यांच्यापाशी दिवसच उरत नव्हता, अशा या बायका होत्या. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या त्या सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चिकोडी तालुका कामगार महासंघात. छाया दातार यांनी १९८९ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या लढ्याचा अभ्यास मांडला आहे. नागपाड्यात मिशनने जे केले, म्हणजे वस्तीत जाऊन बसणे आणि आधी ऐकून घेणे, ते निपाणीच्या वखारींत महासंघाने केले. आणि बेळगावच्या कॅम्पात १८२० पासून सेवेचा पाठ गिरविणाऱ्यांना तेथवरचा रस्ता एका सकाळीत संपणारा होता.