काळा रंग आणि दुकानातला उजेड : प्लाझ्मा पडद्याची कथा

टीव्ही घ्यायला दुकानात गेले की भिंतभर पडदे एकाच वेळी चालू असतात आणि नजर आपोआप सर्वांत झगझगीत पडद्याकडे वळते. या साध्या सवयीचा एका उत्तम तंत्राच्या अस्तात मोठा वाटा होता, असे माझे मत आहे. आजचा धागा त्या तंत्राविषयी, म्हणजेच प्लाझ्माविषयी.

प्लाझ्माचा जन्म मनोरंजनासाठी झालाच नव्हता. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन हे तिघे ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणप्रणालीसाठी पडदा शोधत होते. तेव्हा पडदा म्हणजे चित्रनलिका. आपल्या घरांत जिला पिक्चर ट्यूब म्हणत, तीच. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरवर आदळून चित्र उमटते, पण ते क्षणार्धात विझते. म्हणून ते सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटावे लागते आणि त्यासाठी संगणकाच्या स्मृतीत सतत जपून ठेवावे लागते. त्या काळी स्मृती अतिशय महाग होती. या तिघांनी काचेच्या तावदानांमध्ये निऑन वायूचे सूक्ष्म कप्पे तयार केले. एकदा पेटवलेला कप्पा विझवेपर्यंत पेटलेलाच राही. पडदा स्वतःच स्वतःची आठवण ठेवू लागला! रंग मात्र एकच, नारिंगी.

प्रतिस्पर्ध्याची कुळकथा याहून जुनी आहे. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करत होते. ते संयुग जणू दोनदा वितळते, असे त्यांना आढळले. मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक. (टीव्हीच्या वंशावळीत गाजर निघावे, याची मला अजूनही गंमत वाटते.) १९६८ मध्ये आरसीए कंपनीने जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने घडवलेले द्रव-स्फटिकी पडदे जगाला दाखवले, पण आरसीएचे वैभव चित्रनलिकांवर उभे होते, आणि हे बाळ तिने फारसे जोपासले नाही. १९७३ मध्ये जपानच्या शार्पने ते कॅल्क्युलेटरमध्ये बसवले. तिथून घड्याळे, मग लॅपटॉप, मग संगणकाचे मॉनिटर. हा क्रम ध्यानात ठेवावा, पुढे तोच निर्णायक ठरला.

१९९७ च्या सुमारास ४२ इंची रंगीत प्लाझ्मा टीव्ही बाजारात आले. त्यांतला प्रत्येक कप्पा अतिनील किरणांनी आपला फॉस्फर स्वतः उजळवतो. काळा हवा असेल तिथे कप्पा जवळजवळ विझतो. एलसीडीत मागे दिवा सतत जळतो आणि पुढे द्रव-स्फटिकांच्या झडपा उघडझाप करतात. भरदुपारी खिडकीचा पडदा ओढला तरी फटीतून ऊन शिरते, तसा तो प्रकाश झिरपतो आणि काळ्याचा करडा होतो. २००७ मध्ये पायोनियरने आपल्या प्लाझ्मा टीव्हीला नाव दिले ‘कुरो’. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. अंधाऱ्या खोलीत त्याची बरोबरी करणारा पडदा त्या काळी क्वचितच होता.

आणि २००९ मध्ये पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातूनच अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले.

दोष चित्राचा नव्हता. दुकानाच्या लखलखाटात प्लाझ्माचा फॉस्फर बाहेरचा उजेड परतवतो, त्यामुळे तो अमूल्य काळाच फिकट दिसे. पडदाभर पांढरे दृश्य आले की वीज आवरण्यासाठी तो स्वतःला मंद करी. शेजारचा एलसीडी मागचा दिवा वाढवून ग्राहकाला हाक मारत असे. शिवाय प्लाझ्मा जड होता, वीज अधिक खाई, आणि वाहिनीचे चिन्ह पडद्यावर कायमचे उमटण्याची भीती असे. त्याचे कप्पे फार लहान करणे अवघड, म्हणून लॅपटॉपची बाजारपेठ त्याला कधी मिळालीच नाही. एलसीडीचे कारखाने मात्र तिच्याच बळावर वाढले होते. आमागासाकी येथे प्लाझ्माचे प्रचंड कारखाने उभारणाऱ्या पॅनासॉनिकने ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. पाठोपाठ २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही हात आखडला.

आपल्याकडे बहुतेक घरांत पिक्चर ट्यूबनंतर थेट एलसीडीच आला. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो विकला जातो, तोही बहुधा एलसीडीच असतो. मागचे दिवे तेवढे बदललेले.

तो काळा रंग मात्र दुसऱ्या वाटेने परतला. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय थरांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००७ मध्ये सोनीचा ११ इंची ओएलईडी टीव्ही आला, २०१३ मध्ये एलजीचा ५५ इंची. इथेही प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी, काळा पूर्ण काळा, आणि दुखणीही ओळखीची : पांढऱ्या दृश्यात मंद होणे, स्थिर चिन्हाचा डाग राहणे. म्हणून या दोहोंतून निवड करताना दुकानदाराला रात्रीचे एखादे दृश्य लावायला सांगावे, जमल्यास वरचे दिवे मालवायला लावावेत, आणि आपल्या दिवाणखान्यात टीव्ही भर उन्हात पाहिला जातो की जेवणानंतर दिवे मंद करून, हे आधी आठवून पाहावे.