नावामागचा माणूस

बाप्तिस्म्याच्या विधीच्या आरंभी धर्मगुरू आईवडिलांना विचारतात, बाळाचे नाव काय ठेविले? उत्तर एका शब्दाचे असते. त्या शब्दामागे कित्येक शतकांचा प्रवास उभा असतो, हे मात्र त्या आनंदाच्या क्षणी क्वचितच कुणाच्या ध्यानी येते.

'फ्रान्सिस' हे नाव आज आपल्याला किती घरचे वाटते! पण असिसीच्या त्या कापडव्यापाऱ्याच्या मुलाचे बाप्तिस्म्याचे नाव होते जोव्हान्नी, म्हणजे योहान. फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या वडिलांनी त्याला 'फ्रान्चेस्को' म्हणजे 'फ्रेंच' अशी हाक मारली. त्या काळी नवलाचे वाटावे असे ते नाव त्या मुलाच्या जीवनाने जगभर पावन केले. 'झेवियर' तर मुळात व्यक्तीचे नावच नव्हे. ते नवार प्रांतातील एका गढीचे नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर'. १५४२ साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर यांना १६२२ साली संतपद लाभले आणि गढीचे नाव बाळांचे झाले. त्याच दिवशी संत घोषित झालेले लोयोलाचे इग्नेशियस बाप्तिस्म्याच्या वेळी 'इनिगो' होते.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे नवख्रिस्ती माणूस बहुधा आपल्या धर्मपित्याचे नाव व आडनाव घेई. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने संतांचे नाव ठेवण्याचा उपदेश केला; हेतू हा की, मुलापुढे आदर्श असावा आणि स्वर्गात त्याचा कैवारी असावा. काही नावे सणावारांतूनही आली : रविवारचा दोमिंगो, पास्काचा पास्कोल. आपल्या लोकांनी ती जशीच्या तशी ठेविली नाहीत. पेद्रोचा पेद्रू झाला, इनासियोचा इनास, पास्कोलचा पास्कू. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, नावे राहिली. पुढे इंग्रजी अमदानीत जुझेचा जोसेफ झाला आणि पास्कू, इनास ही नावे गावंढळ वाटू लागली.

ही लाज अनाठायी आहे. 'पीटर' हे तरी काय आहे? प्रभू येशूने शिमोनाला दिलेल्या 'केफा' या अरामी नावाचे ते ग्रीकमार्गे इंग्रजीत आलेले रूप. इंग्रजाच्या मुखी तो पीटर झाला, तर आपल्या आजीच्या मुखी पेद्रू झाला, यात उणे ते काय?

वसईतच जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांच्या नावात 'युद्ध' असा अर्थ असलेला जुना जर्मानिक शब्द दडलेला आहे. नाव योद्ध्याचे, पण त्यांनी शस्त्र धरले नाही. जपानमधील व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ते संत घोषित झाले. नावाचा अर्थ शब्दकोशाने सांगितला एक, जीवनाने लिहिला दुसराच.

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार आईवडिलांनी ख्रिस्ती नाव न दिल्यास धर्मगुरूंनी संताचे नाव जोडावयाचे असे. १९८३ ची संहिता एवढेच सांगते की, नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. म्हणजे निवड आता आपली आहे, आणि जबाबदारीही. नाव जुने असो, नवे असो, मराठी असो; ज्याच्यावरून ते ठेविले त्या माणसाची गोष्ट मुलाला एकदा तरी सांगावी. ती सांगितली नाही, तर नाव ही केवळ एक हाक उरते.