क्लॅम्प, गोल जॉबांच्या बहुजॉब फिक्श्चरसाठी
अनेक गोल जॉब एकाच बैठकीत पकडणारी साधने. ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये व्यास ०.१ मिमी वाढला की जॉबचा माथा सुमारे ०.१२ मिमी वर येतो. त्यामुळे दोन जॉबांवर एकच ताठ पट्टी आवळली, तर ती मोठ्यालाच दाबते. लहान जॉब कटरखाली फिरतो. चूक साधी, पण टूल मोडणारी. दोन जॉबांना मध्यावर झुलणारा क्लॅम्प पुरतो. जास्त असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र हायड्रॉलिक सिलिंडर लावावा. एकाच तेलवाहिनीमुळे दाब सर्वत्र समान राहतो. खर्च अर्थातच वाढतो. पातळ नळ्या व्हीमध्ये चेपतात, त्यांना कॉलेट बरा.