बालाघाटाचे पाणी

डोंगरातील गावे आणि निसर्गरम्य स्थळे पाहावयाची म्हटली, की कोणाला महाबळेश्वर आठवते, तर कोणी फ्रान्समधील डोंगरी खेड्यांची प्रवासवर्णने वाचू लागतो. आपण धाराशिवकर स्वतः बालाघाटाच्या डोंगरात राहतो, याचे स्मरण मात्र आपल्याला क्वचितच होते.

हा डोंगर फार उंच नाही. त्याचे महत्त्व पाण्याच्या वाटणीत आहे. येथे उगम पावलेली तेरणा मांजरेला मिळून गोदावरीकडे जाते. बोरी भीमेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेत जाते. म्हणजे आपल्या माथ्यावरचा पाऊस दोन्ही अंगांनी वाहून जातो. तो अडवील त्याचे गाव नांदेल. या भागाचा इतिहास या सूत्राने वाचून पाहावा.

शहराजवळची लेणी घ्या. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजा तेरापुराजवळच्या डोंगरात एक प्राचीन लेणे पाहतो. तेरापूर म्हणजे आपले तेर, असे अभ्यासक मानतात. लेण्यातील मूर्तीवरची गाठ फोडताच पाणी उसळते, लेणे भरून जाते, आणि राजा वरच्या बाजूला नवी लेणी कोरवितो. कथा ती कथाच. पण डोंगराच्या पोटातील पाण्याची ओळख कवीला असावी, असे वाटते.

आता नळदुर्गाला चला. तेथील ‘नर’ आणि ‘मादी’ हे धबधबे पाहून आपण निसर्गाला धन्यवाद देतो. वास्तविक विजापूरच्या आदिलशाही काळात बोरी नदीवर बांध घातला, आणि पुराचे पाणी सोडण्यासाठी त्या बांधावर दोन वाटा ठेविल्या. तेच हे नर-मादी! बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. बाहेर पूर कोसळत असता आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे गेला. तेव्हा येथे कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने आपल्या आत्मचरित्रात नळदुर्गाविषयी लिहून ठेविले आहे.

श्रोतेहो, श्रावणात धबधबा पाहावयास गर्दी होते, ती होवो. पण एकदा ऐन वैशाखात जाऊन तो कोरडा बांध पाहा. पाणी नसताना बांधणाऱ्याची बुद्धी अधिक स्पष्ट दिसते. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्याला त्या दगडांकडून अजून पुष्कळ शिकावयाचे आहे.